सिम न घालता चालणारी खिशातली डायरी

भेटीच्या वेळा, लोकांचे नंबर, करायच्या कामांची यादी आणि अधूनमधून लिहिलेली चार टिपणं. खिशात मावणाऱ्या ऑर्गनायझरकडून माणसाची अपेक्षा एवढीच असते, आणि ती जुनी आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत 'पाम' कंपनीचा पहिला 'पायलट' ऑर्गनायझर आला, तेव्हा त्याच्या पुढच्या भागावर याच चार कामांची चार बटणं होती. मेमरी अवघी १२८ किलोबाइट, किंमत २९९ डॉलर, आणि चालायचा तो दोन बारीक पेन्सिल सेलवर. त्याचे कर्ते जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्याआधी लाकडाचा एक ठोकळा शर्टाच्या खिशात घालून हिंडायचे. कुणी भेटीची वेळ ठरवू लागलं की ठोकळा काढून त्यावर लिहिण्याचं सोंग करायचे. यंत्र केवढं असावं आणि त्यात काय असावं, हे त्यांनी या नाटकातून ठरवलं. आज असं काही विकत घ्यायला निघालेल्या माणसानंही आधी आठवडाभर खिशात एक छोटी वही ठेवावी आणि आपण तिच्यात खरोखर काय लिहितो ते बघावं. वहीत फक्त औषधांच्या वेळा आणि वाणसामानाची यादी निघाली, तर पुढचा लेख वाचायचीही गरज नाही, वहीच पुरे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांच्याकडे कॅसिओची डिजिटल डायरी होती, त्यांना तिचा तोराही आठवत असेल आणि त्रासही. तिच्यात दोन तऱ्हेचे सेल असायचे, मुख्य आणि राखीव. बदलताना ते सगळे एकदम काढले, की सगळे नंबर गेले. पामचंही तसंच होतं. मेमरी वीज असेपर्यंतच शाबूत, त्यामुळे सेल पूर्ण उतरू दिले की पाटी कोरी. वीज नसतानाही माहिती टिकवणारी मेमरी पामनं २००४ च्या टंगस्टन टी५ पासून दिली. त्याच वर्षी बंगळूरुमध्ये घडलेला 'अमिडा सिम्प्युटर' भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीनं बाजारात आला. भारतीय भाषांत चालणारं, हातात मावणारं ते यंत्र होतं, पण ते फार पसरलं नाही. फोनच इतके हुशार झाले, की वेगळा ऑर्गनायझर कुणालाच हवासा वाटेना. फोन नसलेलं पण बाकी सगळं करणारं शेवटचं नावाजलेलं यंत्र म्हणजे अ‍ॅपलचा आयपॉड टच. मे २०२२ मध्ये कंपनीनं तोही बंद केल्याचं जाहीर केलं.

म्हणून दुकानात जाऊन 'ऑर्गनायझर आहे का' असं विचारण्यात अर्थ नाही. आज ऑर्गनायझर म्हणजे सिमची खाच रिकामी ठेवलेला स्वस्त अँड्रॉइड फोन, किंवा वाय-फायवर चालणारा लहान टॅब. यातला कुठला घ्यायचा, हे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवरून ठरवायचं नाही. आपली माहिती राहते कुठे, ती परत कशी मिळते आणि आठवण वेळेवर वाजते का, एवढ्या तीन गोष्टींवर सगळी निवड उभी आहे.

पण सिम नकोच का? अमेरिकेत हा प्रश्न कराराचा असे. दोन वर्षं अमुक कंपनीचीच सेवा घेईन, असं लिहून द्यायचं आणि त्या बदल्यात फोन स्वस्तात पदरात पाडून घ्यायचा. आपल्याकडे बहुतेकांचं प्रीपेड, त्यामुळे करार नाही, पण रिचार्ज आहे. २८ दिवसांची मुदत म्हटली की वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात. दोनशे रुपयांचा एक धरला तरी वर्षाचे २,६०० रुपये. दोन वर्षांच्या रिचार्जात एक साधा फोन येतो. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'नं नियम बदलला आणि इंटरनेट नसलेला, फक्त बोलणं आणि एसएमएस देणारा किमान एक पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. बटणांचा फोन वापरणाऱ्या ज्येष्ठांना याचा फायदा आहे. बोलण्यासाठी बटणांचा फोन, तो एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालणारा, आणि डायरीसाठी सिम नसलेला दुसरा. ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या माऱ्यापासून दिनदर्शिका वाचवायची आहे, किंवा मुलाच्या हाती वेळापत्रक द्यायचंय पण नंबर द्यायचा नाही, त्यांनाही हीच जोडी सोयीची पडते.

आता सिम काढल्यावर नेमकं काय बंद पडतं ते बघू. कॉल, एसएमएस आणि टॉवरवरून येणारं इंटरनेट, बस. दिनदर्शिका, गजर, टिपणं, कॅल्क्युलेटर, साठवलेले फोटो यांचा सिमशी काडीचा संबंध नाही. घड्याळ एरवी टॉवरकडून वेळ घेतं. सिम नसेल तर वाय-फाय मिळालं की इंटरनेटवरच्या घड्याळाशी जुळवून घेतं. महिनाभर वाय-फाय नसलं तरी आतल्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक दिवसाला एक-दोन सेकंदांच्या आसपास राहते. नकाशावरचं आपलं ठिकाण उपग्रहांकडून कळतं, त्याला सिम लागत नाही. फक्त इंटरनेटची मदत नसल्यानं पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो, आणि नकाशा घरून उतरवून घेतलेला असावा लागतो. इथे एक मेख आहे. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये उपग्रहांचे संदेश घेणारा भागच नसतो, तो सिमवाल्या आयपॅडमध्ये असतो. २०२५ च्या साध्या आयपॅडची भारतातली सुरुवातीची किंमत वाय-फायला ३४,९०० आणि सिमवाल्याला ४९,९०० होती. सिमच्या सोयीची किंमत एवढी असू शकते. ऑर्गनायझरसाठी हा पैसा द्यायचं कारण नाही.

यूपीआय मात्र विसरा. नोंदणीच्या वेळी त्याच यंत्रातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. माझ्या मते हा तोटा नसून सोय आहे. डायरी हरवली तर निदान बँक तरी हरवत नाही.

बॅटरीची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सिम नसलं तरी फोन टॉवर शोधायचं थांबवत नाही आणि त्यात चार्जिंग जातं. तेव्हा एअरप्लेन मोड लावायचा आणि मग वाय-फाय तेवढं परत चालू करायचं. एरवी संध्याकाळी मान टाकणारा जुना फोनही असा वापरला की बरेच दिवस काढतो.

मुख्य मुद्दा माहितीच्या मुक्कामाचा. समजा, तुम्ही दिनदर्शिकेत 'गुरुवार, सकाळी ११, तलाठी कार्यालय' असं टाकलंत. ही नोंद आधी यंत्राच्या पोटात लिहिली जाते. तिला एक वेगळा ओळखक्रमांक मिळतो आणि ती कधी बदलली याची वेळही तिच्यासोबत राहते. वाय-फाय लागलं की यंत्र सर्व्हरला विचारतं, मागच्या भेटीनंतर काय काय बदललं? तिकडचे बदल इकडे येतात, इकडचे तिकडे जातात. सिंक म्हणतात ते एवढंच. पाममध्ये हेच काम यंत्र 'क्रेडल' नावाच्या स्टँडमध्ये ठेवून, बटण दाबून संगणकाशी व्हायचं, आता ते हवेतून होतं. त्यामुळे सिमविना डायरीची खरी मर्यादा कोणती, तेही कळतं. दुपारी घरच्यांनी सामायिक दिनदर्शिकेत 'सहा वाजता दाताचे डॉक्टर' असं टाकलं आणि तुम्ही बाहेर असलात, तर तुमच्या खिशातल्या यंत्राला त्याचा पत्ता नसतो. वाय-फाय मिळेपर्यंत ते कालचंच जग दाखवत राहतं. यावर उपाय म्हणजे कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट मिनिटभर मागणं. रेल्वे स्थानकांवर रेलटेलचं वाय-फाय असतं (गूगलच्या साथीनं ते पहिल्यांदा सुरू झालं ते जानेवारी २०१६ मध्ये, मुंबई सेंट्रलला), पण त्यासाठी ओटीपी लागतो. तो बटणांच्या फोनवर घ्यायचा आणि इकडे टाकायचा.

एकच नोंद दोन ठिकाणी बदलली तर काय होतं? काही अ‍ॅप नंतरचा बदल खरा मानतात, काही दोन्ही ठेवून नोंद दुहेरी करतात. घरात दोघं-तिघं एकच दिनदर्शिका वापरणार असाल, तर कोण काय टाकणार हे ठरवून घेतलेलं बरं.

ज्यांना आपली माहिती कुठल्याच कंपनीच्या सर्व्हरवर नको, त्यांना खातं न जोडताही यंत्र वापरता येतं. मग बॅकअपची जबाबदारी आपली. अ‍ॅप निवडतानाच बघावं, की ते दिनदर्शिका 'आयसीएस' फाइलमध्ये आणि नंबर 'व्हीसीएफ' फाइलमध्ये बाहेर काढून देतं का. या दोन्ही फाइली साध्या मजकुराच्या असतात आणि कुठल्याही कंपनीच्या यंत्रात उघडतात. महिन्यातून एकदा त्या केबलनं संगणकावर उतरवल्या, की काम झालं. जे अ‍ॅप अशी फाइल देत नाही, ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नये. त्यात घातलेलं त्यातच अडकतं.

नंबर हलवताना एक गफलत नेहमी होते. अनेकांचे जुने नंबर फोनमध्ये नसून सिमवर असतात. सिमची जागा मर्यादित, साधारण अडीचशे नावांची. देवनागरी अक्षरं रोमनपेक्षा जास्त जागा खातात, त्यामुळे 'ज्ञानेश्वर कुलकर्णी' तिथे निम्म्यावर तुटतो. सिम काढण्याआधी ते नंबर एकदा यंत्रात आयात करून घ्या आणि अर्धवट नावं त्याच बैठकीत पूर्ण करा. नंतर करू म्हटलं की 'सुरेश प्ल' हा प्लंबर की प्लॉटवाला, ते आठवत बसावं लागतं.

मराठीसाठी म्हणून दुकानातच एक चाचणी घ्यावी. टिपणाच्या अ‍ॅपमध्ये 'दुसऱ्या मंगळवारी वाऱ्यावर' एवढं लिहून बघा. 'ऱ्या' नीट जुळतो का? 'ळ' दिसतो का? मग खरी परीक्षा: तोच शब्द बोलून किंवा दुसऱ्या कीबोर्डवरून लिहून शोधा. पडद्यावर सारखाच दिसणारा हा 'ऱ्य' यंत्राच्या आत दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका पद्धतीत त्यासाठी वेगळं 'ऱ' हे अक्षर असतं. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य सांधा. डोळ्यांना फरक नाही, शोधयंत्राला आहे. त्यामुळे काही अ‍ॅपमध्ये लिहिलेलं टिपण शोधूनही सापडत नाही आणि माणूस आपल्या स्मरणशक्तीला दोष देतो. उपाय सोपा आहे, एकच कीबोर्ड पक्का करून तोच वापरायचा. ज्यांना टंकलेखनाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी गूगलच्या कीबोर्डमध्ये बोटानं मराठी लिहिण्याची सोय आहे, आणि ती खडबडीत अक्षरही समजून घेते. पामच्या काळात उलट होतं. यंत्राला कळेल अशी 'ग्रॅफिटी' नावाची लिपी माणसाला शिकावी लागे, आणि ती रोमनच असे.

तिथीचा प्रश्न आणखी अवघड. दर वर्षी १४ एप्रिल, दर महिन्याचा दुसरा शनिवार, असली आवर्तनं यंत्र बिनचूक सांभाळतं. पण वडिलांचं वर्षश्राद्ध भाद्रपद वद्य पंचमीला असेल, तर ते यंत्राच्या हिशेबात बसत नाही, कारण नोंद पुन्हा पुन्हा आणण्याचा नियम इंग्रजी महिन्यांवर चालतो. इतर कालगणनांसाठी २०१५ मध्ये 'आयसीएस'च्या मानकात भर पडली आहे, पण रोजच्या अ‍ॅपमध्ये ती क्वचितच उतरते. त्यात अधिक महिना आला की गोंधळ आणखी वाढतो. म्हणून जानेवारीत कालनिर्णय समोर घेऊन बसायचं आणि वर्षभराच्या संकष्ट्या, एकादश्या, घरच्या तिथी त्या त्या तारखेला एकेक करून टाकायच्या. तासाभराचं काम आहे. 'दरवर्षी' हा पर्याय मात्र तिथीच्या नोंदीला चुकूनही लावू नका.

आता आठवणीचा गजर. स्वस्त फोनांबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते, की नोंद आहे पण वाजलं नाही. दोष बहुधा बॅटरी वाचवण्याच्या सोयीचा असतो. काही वेळ वापरलं नाही की फोन त्या अ‍ॅपला झोपवून टाकतो. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पर्यायात 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडायचं, आणि अँड्रॉइड १२ पासून पुढे 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' नावाची परवानगी आहे ती दिलेली आहे ना ते तपासायचं. मग दहा मिनिटांनंतरची एक नोंद टाकून पडदा बंद करायचा आणि वाट बघायची. दुकानदार चहा पाजत असेल तर ही चाचणी तिथेच उरकावी. आणखी एक: जुने नोकिया बंद ठेवले तरी गजर द्यायचे. आजचे बहुतेक स्मार्टफोन पूर्ण बंद केले तर वाजत नाहीत. त्यामुळे डायरी रात्री बंद करून ठेवू नये.

खरेदीकडे वळू. नवा घ्यायचा तर सर्वांत खालच्या श्रेणीचा फोन पुरतो. अंतर्गत साठवण ३२ जीबीच्या खाली नको, कारण त्यातली बरीच जागा अँड्रॉइडच खातं. जुना घ्यायचा तर कॅमेऱ्याच्या आधी 'अबाउट फोन'मध्ये जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख बघा. मी अँड्रॉइड १० च्या खालचा घेणार नाही. यंत्र चालेल हो, पण अ‍ॅप एकेक करून साथ सोडतील.

जुन्या फोनाच्या बाबतीत बिल आणि खोका मागाच. *#०६# दाबलं की पडद्यावर १५ आकडी आयएमईआय क्रमांक येतो. तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग आपल्या बटणांच्या फोनवरून 'केवायएम' ही अक्षरं रोमनमध्ये, एक जागा सोडून हा क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथे कळतं. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरही हीच तपासणी होते. सिम घालायचंच नाही तर हे कशाला, असं कुणी म्हणेल. चोरीचा माल चोरीचाच असतो, आणि पोलिस दारात आले तर 'मी नुसतं कॅलेंडर बघत होतो' हे चालत नाही.

त्यानंतर फोन आपल्यासमोर रीसेट करायला लावा, आणि तोही सेटिंग्जमधून. बटणं दाबून धरून बाहेरून रीसेट केलेला फोन सुरू होताना जुन्या मालकाचं गूगल खातं मागतो. ते नसेल तर तुमच्या हातात वीट. रीसेटनंतर वाय-फाय जोडून होम स्क्रीन दिसेपर्यंत पैसे देऊ नका. आयफोनलाही २०१३ पासून असंच कुलूप असतं. पडद्याचं म्हणाल, तर एखादं चिन्ह बोटाखाली धरून सगळ्या कडांपर्यंत फिरवा. मध्येच सुटलं तर तिथला स्पर्श मेलेला आहे. शेवटी फोन काचेच्या काउंटरवर उताणा ठेवून हलकेच फिरवा. भिंगरीसारखा फिरला, तर आतली बॅटरी फुगून पाठ फुगीर झालेली असू शकते. तो सौदा तिथेच सोडायचा.

अमेरिकेतल्या भाच्यानं किंवा पुतणीनं 'माझा जुना घेऊन जा' म्हटलं, तर आनंदानं घ्या. तिकडचे फोन अनेकदा एका कंपनीच्या सेवेला बांधलेले असतात आणि इकडचं सिम त्यांत चालत नाही. तिकडे विकल्या जाणाऱ्या आयफोनांना तर २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही. आपल्याला त्याचं सुतक नाही. फक्त तो देण्याआधी त्यांनी आपल्या खात्यातून बाहेर पडावं, आणि फार जुना आयफोन असेल तर पहिल्यांदा सुरू होताना सिम मागतो का ते तिकडेच बघून घ्यावं.

खातं उघडताना ओटीपीसाठी नंबर लागू शकतो. तो बटणांच्या फोनचा द्या. गूगल खात्यासाठी बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. पडद्याला कुलूप लावा आणि कुलपाच्या पडद्यावर घरच्या कुणाचा तरी नंबर दिसेल असं करा, कारण वाय-फायविना हरवलेलं यंत्र नकाशावर सहसा शोधता येत नाही. ते सापडलं तर कुणाच्या तरी भलेपणामुळेच सापडणार.

माझा कौल असा: हातात बटणांचा फोन असलेल्या माणसानं पाच-सहा इंची, अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा साधा फोन घ्यावा. टॅब त्यांनीच घ्यावा ज्यांना वाचायचंही आहे आणि ज्यांच्या खांद्याला पिशवी असते. पण दुकानात जाण्याआधी घरातल्या टेबलाचा खण उघडून बघा. मुलानं नवा घेतला म्हणून पडून राहिलेला फोन तिथे असेल, तर आवृत्ती तपासा, रीसेट करा, एअरप्लेन मोड लावा आणि महिनाभर वापरून पाहा. त्याची पाठ फुगलेली दिसली तर मात्र चार्जरला न लावता थेट ई-कचरा संकलन केंद्रात द्या.